गावचा जावई आणि भरताचं ताट

पुण्यात मी लोकांना सोशल मीडियावर धंदा वाढवायला शिकवतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे माझी फजिती किती मोठी होती याचा तुम्हाला नीट अंदाज येईल. चहा घ्या, गार होतोय.

माझी सासुरवाडी एरंडोलजवळच्या एका गावात. मेव्हणा पंकज भरताची वांगी पिकवतो. मोठाली, हिरवट पांढरी, हातात घेतली तर तान्ह्या बाळाएवढी जड. थंडीत तिकडे माणसं एकमेकांना जेवायला नाही, भरीत खायलाच बोलावतात. पंकजच्या मनात आलं, शहरातल्या लोकांनी मळ्यात यावं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खावी, आणि ताटाचे पैसे द्यावेत. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, त्याला बजावलं होतं की एवढा हिवाळा करून बघ, नाही जमलं तर पुण्यात कंपनीत चिकट. पोराचा सगळा जीव त्या वावरात. मला तो फार आवडतो, म्हणून मी छाती काढून म्हणालो, "मी आहे ना."

घरापुढच्या ओट्यावर मी लॅपटॉप उघडला. मला खुर्ची, बाकी सगळे समोर सतरंजीवर.

"पहिली गोष्ट," मी म्हणालो, "भाव लगेच सांगायचा नाही. आधी नातं जोडायचं."

"हाव, बराबर शे," आबा म्हणाले.

"दुसरी गोष्ट, लोकांना माणसाचा चेहरा दिसला पाहिजे. व्हिडिओत मी बोलतो."

पंकज चुळबुळला. "पाव्हना, व्हिडिओमा नुसता वांगा दखाडूत का?"

सासूबाईंनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, "नही, तुम्हीच बोला. तुम्ही सांगतस ते बठ्ठं बराबर शे." म्हणजे सगळंच बरोबर.

पुण्यातली माझी गिऱ्हाइकं एकेका वाक्याला तीन शंका काढतात. इथे एकही नाही. मला वाटलं, काय समजूतदार माणसं आहेत ही. अहो, जावयाला कुणी तोंडावर 'तुमचं चुकतंय' म्हणतं का? मी वांग्यांना चष्मे लावायला सांगितलं असतं, तरी आबांनी चष्मेवाल्याला फोन केला असता.

झालं. मी वांग्यांच्या वाफ्यात उभा राहिलो आणि हात जोडले. "राम राम मंडळी, मी या गावचा जावई. रविवारी आमच्या मळ्यात भरीत आहे. या, वाट बघतो." व्हिडिओ मळ्याच्या पानावर टाकला, खाली पंकजचा नंबर. पैशाचं अक्षर नाही. नातं जोडायचं होतं ना.

संध्याकाळपासून पंकजचा फोन वाजायला लागला. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "पाव्हना उनात का?" म्हणजे, जावई आलेत का. पंकज बापडा सांगत होता, "हाव, उनात. रविवारले या." मी बायकोला, वैशालीला, म्हणालो, "बघ, लोकांना चेहऱ्यात रस असतो." ती कोथिंबीर निवडत होती. निवडतच राहिली.

रविवारी पहिली जीप आली. त्यातून एक म्हातारबाबा उतरले, थेट माझ्याकडे आले, मला टिळा लावला, डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि हातात नारळ दिला.

"मी वैशालीना चुलतमामा," ते म्हणाले. "गावना जवाई म्हणजे आम्हना बी जवाई."

मी वाकून पाया पडलो. दुसरं काय करणार? तेवढ्यात दुसरी गाडी आली. पुन्हा टिळा, टोपीवर टोपी, नारळ. तिसऱ्या गाडीला माझ्या डोक्यात उजेड पडला. ही गिऱ्हाइकं नव्हतीच. पंचक्रोशीतलं सासर जावयाचा मान करायला आलं होतं, आणि आलेल्याला भरीत खाऊ घालणं आमचं काम होतं.

तरी एकदा धीर करून मी चुलतमामांना विचारलं, "मामा, ताट नोंदवलं होतं ना?"

"नोंदाडानं काय त्यामा? तुम्ही सोता बलायं ना आम्हले."

आता यावर पैसे मागून दाखवा. कपाळावर त्यांच्याच हातचं कुंकू.

पंकज वांगी तोडत राहिला, भाजत राहिला, लाकडी बडगीत ठेचत राहिला. सासूबाई भाकऱ्या थापत होत्या. माणसं पोटभर जेवली, वैशालीची ओटी भरली, भरताचं तोंडभरून कौतुक केलं आणि गेली. मागे उरले नारळ, टॉवेल आणि रिकामे वाफे. पंकज त्या वाफ्यांमधून एक चक्कर मारून आला आणि नारळ मोजायला बसला. आबा टॉवेलांच्या घड्या घालायला लागले. मला फार वाईट वाटलं. वाटलं, यांनी एकदा तरी मला शिव्या घालाव्यात. पण जावयाला तेवढंही सुख नसतं.

"पुढच्या रविवारी मी परत येतो," मी म्हणालो. "नवीन योजना करू."

कुणीच 'बराबर शे' म्हणालं नाही. सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुमले दगदग व्हई, पाव्हना."

परतीच्या गाडीत वैशाली म्हणाली, "तुला खरंच वाटलं, त्यांना तुझं पटत होतं?"

त्याच आठवड्यात पंकजचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "पाव्हना, मागना वाफामा वांगा तयार व्हयनात, आनि रविवारना बठ्ठा ताटं भरनात. पैसा बी आगाऊ उनात. आबा म्हनतस, कंपनीनं पुढला साल दखूत."

मला भरून आलं. "कसं जमवलंस रे?"

"तुम्ही सांगं तसंच," तो म्हणाला. किती गोड खोटं बोलावं माणसाने.

मी घाईघाईने मळ्याचं पान उघडलं. माझ्या व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं होतं, "पाव्हना वावरमा शे का? नही तं धा ताटं लिखी ल्या." खरंच आहे. जावई असला की नारळ-टोपी आणा, नीट मांडी घालून बसा, हळू हसा. जावई नसला की पैसे टाकून हवं तेवढं भरीत खाता येतं.

त्यावर पंकजने नवी जाहिरात टाकली होती. फोटोत नुसती वांगी. खाली लिहिलं होतं, 'रविवारी मळ्यात भरीत. ताटाचे पैसे घेतले जातील. जावई पुण्यात आहेत.'

माझ्या सगळ्या कारकिर्दीत एखाद्या जाहिरातीला एवढे अंगठे पडलेले मी पाहिले नाहीत. आणि पहिला अंगठा माझ्या सासूबाईंचा होता.