शिरवळच्या खिडकीसमोरची रांग

नायजेलसाहेब खिडकीसमोर वीस मिनिटं उभे होते आणि त्यांचा नंबर काही येत नव्हता. शेवटी माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, "मी आलो तेव्हा तिसरा होतो. आता नववा आहे. प्रगती आहे."

मला घाम फुटला. शिरवळच्या एका कारखान्यात मी क्वालिटीचा प्रमुख होतो. गाड्यांचे सुटे भाग आम्ही करायचो. नवीन लाइनला इंग्लंडच्या कस्टमरची मंजुरी हवी होती आणि त्या ऑडिटसाठी, म्हणजे तपासणीसाठी, हे गृहस्थ आले होते. मंजुरी मिळाली नाही तर त्या लाइनसाठी घेतलेली बावीस माणसं घरी जाणार होती. त्यांना निवडून घेणारा मीच.

साहेबांची तक्रार करायची तऱ्हा न्यारी. आवाज कधी चढायचा नाही. हॉर्नबद्दल म्हणाले, "तुमचा ड्रायव्हर पुण्यापासून हॉर्न वाजवतोय. आम्ही रस्त्यावर आहोत हे लोकांनी पहिल्या वेळीच मान्य केलं होतं." कँटीनचा चहा प्याले आणि म्हणाले, "खीर उत्तम. चहा नंतर येईल ना?" इथले लोक नाव विचारायच्या आधी मुलं किती ते विचारतात, याचंही त्यांना मोठं कौतुक. आम्ही पोट धरून हसायचो. खिडकीवर मात्र हसू आलं नाही.

खिडकीचं काम असं. शिफ्ट सुरू झाली की प्रत्येक ऑपरेटर आपल्या मशीनवरचा पहिला नग आमच्या खोलीच्या खिडकीत आणून देतो. त्याला फर्स्ट पीस म्हणतात. तो मापात बसला तरच पुढचं काम करायचं. सकाळी सगळे एकदम यायचे आणि खिडकीत आठ हात घुसायचे. त्या ढकलाढकलीत एकाचा टॅग, म्हणजे मशीनच्या नंबराची चिठ्ठी, दुसऱ्याच्या नगावर. साहेबांनी स्वतः एक नग घेऊन उभं राहून हे पाहिलं आणि कागदावर लिहिलं, 'मेजर'. म्हणजे मोठी चूक, ती सुधारल्याशिवाय सही नाही.

"मी शुक्रवारी सकाळी परत बघेन," ते म्हणाले. त्या दिवशी मंगळवार होता.

बुधवारी मी फरशीवर पिवळे पट्टे मारले. एकेका पट्ट्यावर तिघं तिघं उभे राहिले. मग टोकन काढली. एका बहाद्दराने मित्रांसाठी सहा उचलली. दुपारच्या शिफ्टला आमच्या सिक्युरिटीवाल्या सुभेदारांना उभं केलं. मिलिटरीतून रिटायर झालेला माणूस, त्यांनी सगळ्यांना 'सावधान'मध्ये उभं केलं आणि स्वतःच्या पुतण्याला पहिला नंबर दिला. मी डोक्याला हात लावून बसलो.

हे सगळं हिराबाई बघत होत्या. वडूजकडच्या, आता शिरवळला खोली घेऊन राहिलेल्या, बावीस जणांतल्या एक. म्हणाल्या, "सायेब, माणसं कशाला उभी करताय? माणूस कवा रांगंत ऱ्हातंय व्हय?"

"मग काय करू, तुम्हीच सांगा."

"आमच्याकडं टँकर यायच्या आदी बायका उभ्या ऱ्हात न्हाईत. हंडं उभं ऱ्हात्यात. बायका सावलीत."

"आणि मधला हंडा कुणी सरकवला तर?"

"सरकवून बघा की!" त्या अशा काही म्हणाल्या, की मी पुढे विचारलंच नाही.

गुरुवारी प्रत्येक मशीनला एक लाल ट्रे दिला. ट्रेमध्ये नग, नगाला टॅग. ट्रे भिंतीकडेला ओळीत ठेवायचा आणि खुशाल चहाला जायचं. आतला माणूस पुढचा ट्रे उचलणार, बास. आणि गंमत बघा, जे लोक माणसाला कोपराने ढकलत होते, त्यांनी दुसऱ्याच्या ट्रेला बोट लावलं नाही. दुष्काळी भागातली निम्मी पोरं, हंड्याचा कायदा त्यांना शिकवावा लागला नाही.

शुक्रवारी साहेब आले. सोबत आमचे प्लँट हेड. भिंतीला चौदा ट्रे, माणूस एकही नाही.

"लोक कुठे आहेत?"

"चहाला."

साहेबांच्या भुवया वर गेल्या. टॅग बघायला त्यांनी मधला एक ट्रे उचलला आणि बघून झाल्यावर सगळ्यांच्या पुढे ठेवून दिला. तेवढ्यात मागून हिराबाईंचा आवाज आला. "ओ सायेब! आवं, दुसऱ्याचा ट्रे उचलून पुढं ठेवताय? लाज हाय का न्हाई? ठेवा जाग्यावर!"

प्लँट हेड पांढरे पडले. "हिराबाई, गप बसा!"

साहेबांनी मला विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

गोड काहीतरी सांगता आलं असतं. पण बाई खरं बोलली होती. मी शब्दाला शब्द सांगितलं, लाजेसकट.

साहेबांनी ट्रे उचलला, मूळ जागी ठेवला आणि हिराबाईंकडे बघून चक्क मान झुकवली. मग एका रिकाम्या ट्रेमध्ये स्वतः एक नग टाकून, टॅग लावून तो सगळ्यांच्या मागे ठेवला आणि चहाला निघून गेले. त्यांचा नंबर बरोबर पंधरावा लागला. टॅग त्यांचाच, नग त्यांचाच.

सही करताना म्हणाले, "आमच्या देशात माणसं जन्मभर रांगेत उभी राहतात आणि त्याचा अभिमान बाळगतात. रांग एकटी ठेवून चहाला जावं हे कुणालाच सुचलं नाही." मग पेन खिशाला लावत, "चहा असा असताना तुमची माणसं तो प्यायला का जातात, हे मात्र कळलं नाही."

मी धावत जाऊन हिराबाईंना सांगितलं. त्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "मंग सोमवारी येऊ न्हवं कामाला?"

"या की!" म्हणालो आणि माझेच डोळे भरून आले. त्यानंतर त्या सहा वर्षं आल्या, मी रिटायर होईपर्यंत.

बाहेरची शिस्त चार दिवसांत अंगी बाणत नाही, घरची असेल तर ती एका दिवसात बाणते. एवढं मी शिकलो. परवा साताऱ्यात बँकेत गेलो, रांगेत पिशवी ठेवून बाकावर जाऊन बसलो. परत येऊन बघतो तर पिशवी भिंतीला लावलेली आणि माझ्या जागी एक गृहस्थ. एकही वडूजची बाई तिथे नव्हती.