मिरचीचा टॉवेल

पिंपळगावच्या बाजारात ओल्या मिरचीचा ठसका लागला की मला धाकट्या बहिणीचा टॉवेल आठवतो. वक्तृत्वात ती पहिली आल्ती, मी तिसरी. त्याच संध्याकाळी मिरची तोडून आल्यावर मी हाताला तेल चोळलं नाही, तिच्या टॉवेललाच हात पुसले. तिनं धुतलेलं तोंड त्यानंच पुसलं आणि किंचाळली. मला हसू आवरेना. कॉलेजात मानसशास्त्र शिकणारा दादा म्हणाला, "हसून काय राह्यलीस? दुसऱ्याच्या तडफडीत मजा घेणाऱ्याला सॅडिस्ट म्हणतात. फ्रान्सात तसा एक सरदार होता, त्याच्या नावावरून पडला हा शब्द." तोवर आईनं तिला मांडीवर घेऊन डोळ्यांवर दुधाच्या घड्या ठेवल्या होत्या, केसांतून हात फिरवत होती. माझं हसू तिथंच विरलं. ते बक्षीस मी कधीच विसरले. ती मांडी आठवली, की आजही धाकटीवर जळते.