जीपला बांधलेलं मुसकं

गंजक्या गरम पाण्याचा वास आला की मला मानोऱ्याकडचा एक तांडा आणि आमचे उमेदवार साहेब आठवतात, आणि तोंड कडू होतं. लष्कराने मोडीत काढलेल्या त्यांच्या जीपच्या तोंडावर आम्ही ‘तांड्या-तांड्याला पाणी’ लिहिलेलं जाड कापड ताणून बांधलं होतं, वर झेंडूचे हार. चैत्रातल्या दुपारी तांड्याजवळच्या चढावर इंजिन उकळलं. साहेबांनी ड्रायव्हरला शिव्या हासडल्या आणि लांबच्या विहिरीवरून येणाऱ्या एका बाईचे दोन्ही हंडे उतरवून घेतले. “पोराइले प्याचं पानी हाय, दादा,” ती म्हणाली. “तुमच्याच कामाले फिरून राह्यलो ना बाई!” हे या लोकसेवकाचं उत्तर. एक हंडा रेडिएटरने गिळला, तरी दहा पावलांवर पुन्हा वाफ. साहेबांचा हात दुसऱ्या हंड्याकडे गेला, तेव्हा ती आडवी आली. “बैलाले मुसकं बांधून चढ चढवता काय? ते कापड काढा, त्याले हवा लागू द्या!” ड्रायव्हर सकाळपासून हेच सांगत होता, पण ड्रायव्हरचं ऐकतील ते साहेब कसले! कापड काढलं, इंजिन निवू दिलं आणि जीप निमूट चढ चढली. बाई भरलेला हंडा कडेला ठेवून रिकामा घेऊन पुन्हा विहिरीकडे वळली. पुढचं गाव दिसताच साहेब म्हणाले, “बांध रे, लोकाइले दिसलं पाह्यजे.” कापडावरची अक्षरं माझी होती, गाठीही मीच मारल्या. आज त्यांच्याविरुद्ध पत्रक लिहायला बसलो की पहिली शिवी मला स्वतःलाच द्यावी लागते.