पंचनाम्याखालची सही

मित्रांनो, सकाळपासून हे कोणाला तरी सांगायचं होतं.

आज पनवेलच्या मासळी बाजारात नेहमीच्या कोळीणमावशींनी एक जुनी झेरॉक्स माझ्यापुढे धरली. "दादा, येवडं वाचून दाव. माज्या मालकाचा पंचनामा हाय, इतक्या वर्सांनी हातात आला."

त्यांचा नवरा मला आठवतो. एक्याण्णव साली त्यानं खाडीतल्या चोरट्या रेतीउपशाविरुद्ध सरकारी कचेरीत अर्ज दिला. अर्ज साहेबांच्या टेबलावरून थेट रेतीवाल्यांकडे गेला, असं सगळे म्हणायचे. चार दिवसांनी त्याचं प्रेत खाडीत मिळालं.

तेव्हा माझं दुकान बंदराजवळ होतं. हवालदारानं चहा पाजला आणि पंच म्हणून कोऱ्या कागदावर माझी सही घेतली. "मागनं लिहितो," म्हणाला. सगळे दुकानदार अशा सह्या द्यायचे, मीही दिली.

त्यावर काय लिहिलं ते आज पहिल्यांदा वाचलं. "दारूच्या नशेत पाय घसरून बुडाला. अंगावर मारहाणीची खूण नाही."

"ते कदी दारूला शिवले नाय," मावशी म्हणाल्या. "खाली सही कोनाची हाय?"

"पुसट झालीय," मी म्हणालो.

त्यांनी कागद नीट घडी करून ठेवला आणि वाचून दिल्याबद्दल माझ्या पिशवीत दोन बोंबील जास्त टाकले.

पिशवी अजून ओट्यावर तशीच पडलीय. तुम्ही खरं सांगितलं असतं का?