माझी खोटी एकादशी

सहभोजनाच्या पंगतीत मला जेवताना तुम्ही पाहिलेत. पण त्या पंगतीतल्या कुणाच्या घरी मी कधी जेवलो का, हे विचारावेसे तुम्हांला का वाटले नाही? बरे झाले, विचारले नाहीत. मी खोटेच सांगितले असते. आज न विचारताच सांगतो — हे मी कुठल्या सभेत बोललो नाही, पत्रकात छापले नाही, घरी तर नाहीच.

धोंडू महार माझा मित्र. रत्नागिरीच्या भिंतींवर आमची पत्रके आम्ही दोघांनी चिकटवली — खळीचे मडके त्याच्या हातात, कागद माझ्या. उपासतापास म्हणजे पोटाची फसवणूक, असे एक पत्रक तर मीच लिहिले होते. ब्राह्मणाच्या पोराने लिहिले म्हणून ते गाजलेही.

मग एकदा धोंडूच्या आईने मला जेवायला बोलावले. माझ्यासाठी तिने त्या दिवशी घरात मासळी आणली नव्हती. तांदळाचे घावन, नारळाचा गोड रस, धुतलेले केळीचे पान. तिने घावन हाताने पानावर ठेवले, आणि माझा हात — काय सांगू? — उठेना. किळस आली. हो, तोच शब्द. सहभोजनात टाळ्या वाजवणारे होते, तिथे घास सहज उतरला होता. इथे बघणारे कुणी नव्हते.

"आज माझी एकादशी," मी म्हणालो.

"एकादशी काल झाली ना वो?" धोंडूची आई म्हणाली.

"ती स्मार्तांची. आमची भागवत — आज."

पंचांगात अशा दोन एकादश्या कधीकधी लागून येतात, हे खरे. पण आमच्या घरी भागवत एकादशी आजवर कुणी केलेली नाही. ज्या विद्येची मी पत्रकांतून टर उडवत होतो, तिच्याच आड लपलो!

ती उठली, शहाळे आणि कोयता घेऊन आली. "तुमीच फोडा. म्हंजे कुनाचा इटाळ नको." धोंडू मान खाली घालून जेवत राहिला. मी शहाळे फोडले — आणि प्यालोसुद्धा.

त्यानंतर कितीतरी सभांत मी गर्जलो. धोंडू खळ घेऊन येत राहिला. तो विषय त्याने कधी काढला नाही. त्याने शिवी दिली असती तर?

परवा मी जाऊन त्याच्या आईला सगळे सांगितले. ती हसली.

"पंचांग आमी बघत नाय, पन त्वांड बघतो. बसा. आज घावन-बिवन नाय, कुलथाची पिठी हाय."

"आये, आदी इचार," धोंडू म्हणाला, "आज कंची एकादशी?"

मी जेवलो. भात पुन्हा मागून घेतला. परतताना आपण शीळ घालतो आहोत, हे घर दिसू लागल्यावर ध्यानात आले. इतके हलके मला कुठल्याच भाषणानंतर वाटले नव्हते. तरी केले ते केलेच. वय, घर, संस्कार — कुणावरही ढकलत नाही.

तुम्हांला एकच विनंती. पंगतीला या, पण तेवढ्यावर थांबू नका. याच आठवड्यात कुणाच्या तरी घरी, टाळ्या वाजवणारे कुणी नसताना, जेवायला बसा. आणि घरून खाऊन जाऊ नका — भूक घेऊन जा.