फोटोमागची नावं

फोटो हातात आला की काका आधी तो उलटा करायचे. चेहरे नंतर. आपण विचारावं, "काका, त्या वर्षी कॅप्टन कोण होता हो?" तर ते आठवण्याचं सोंग करत नसत. फोटो पालथा करायचे, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचे आणि म्हणायचे, "मागे लिहिलंय." आणि खरोखरच लिहिलेलं असे.

काका आमच्या बडोद्याच्या विद्यापीठात मैदानावरचे शिपाई होते. कोर्टावर चुन्याच्या रेषा मारायच्या, फाटलेल्या जाळ्या बांधायच्या, चेंडूत हवा भरायची, ही त्यांची कामं. आपले पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, हे ते पंप मारता मारता सांगत आणि सांगताना पाठ ताठ करत. काकांचं नाव मी इथे घेत नाही. एवढ्या फोटोंमागे त्यांनी स्वतःचं नाव एकदाही लिहिलं नाही, तर मी कशाला मोडता घालू? शिवाय ते एकाही फोटोत नाहीत. फोटोग्राफरच्या शेजारी उभं राहून "डावीकडचा जरा आत" असं ओरडणारा माणूस फोटोत कसा येणार?

आमच्या विद्यापीठाच्या मुलांच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास म्हणाल, तर पोवाडा रचावा असा नाही. एखाद्या वर्षी विभागीय स्पर्धेत थोडं पुढे गेलो, बाकी बहुतेक वर्षं 'छान खेळलो, पण हरलो.' हरायला निघण्यापूर्वी मात्र फोटो निघायचा. हा काकांचा नियम. संघ बाहेरगावच्या स्पर्धेला जायच्या आदल्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर बारा जण दोन ओळींत जमायचे, फोटो निघायचा, आणि प्रत हातात आली की काका शाईच्या पेनाने मागे नावं लिहायचे. उभे, डावीकडून. बसलेले, डावीकडून.

नुसती नावं लिहून भागलं असतं तर ते काका कसले? प्रत्येक नावापुढे एक ओळ असे. 'डावा गुडघा दुखतो, सांगत नाही.' 'बाजव्याहून सायकलने येतो.' एका जुन्या फोटोमागे एकाच्या नावापुढे लिहिलं होतं, 'डभोईचा. शेवटची दहा मिनिटं खेळत नाही, बस असते.' त्याच्या खालच्या नावापुढे, 'बूट उसने.'

मी दोन वर्षं संघात होतो, म्हणजे बाकावर होतो. दोन वर्षांत मी जेवढं खेळलो तेवढ्या वेळात चहासुद्धा उकळत नाही. आमच्या फोटोमागे माझ्या नावापुढे काकांनी लिहिलं होतं, 'बोलतो फार. पण रोज येतो.' मला राग आला होता. मी म्हटलं, "काका, हे काय लिहिलंत?"

"खोटं आहे का?"

"खोटं नाही, पण..."

"मग राहू दे ने, दिकरा. कॅप्टनचं नाव कपावर असतं, पेपरात असतं. बाकावरच्याचं कुठे असतं? इथेच असतं."

पुढे मी त्याच विद्यापीठात वाणिज्य शिकवायला लागलो आणि काका निवृत्त होऊन हरणीला मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेले. फोटोंची पत्र्याची पेटी त्यांनी बरोबर नेली. कचेरीत ठेवली तर रद्दीत जाईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढे कचेरीतले खेळांचे जुने कागद खरंच रद्दीत गेले. त्या पेटीव्यतिरिक्त संघाचा इतिहास कुठेच उरला नाही.

अलीकडे विद्यापीठात नवं बंदिस्त कोर्ट झालं. लाकडी जमीन, चकचकीत बोर्ड. तिथल्या एका भिंतीवर संघाचा इतिहास लावायचा असं ठरलं आणि मी हौसेने पुढे झालो. रोज येण्याची सवय होतीच, बोलण्याचीही.

हरणीला गेलो. काकांची सून गुजराती, तिने "आवो, बेसो" म्हणून पाणी दिलं. काका पेटी मांडीवर घेऊन बसले. ऐंशी केव्हाच ओलांडली होती, पण पाठ ताठ.

"नेतोस तर ने. पण एक सांगतो, मागचं वाचता आलं पाहिजे."

"येईल काका."

"भिंतीवर लावलास तरी उतरवून वाचता आलं पाहिजे."

"काका, जबाबदारी माझी."

"डोक्याचा काही भरोसा नाही बघ," ते म्हणाले. "लिहिलेलं बरं."

आता मी जे केलं ते सांगतो. फोटो खराब होऊ नयेत म्हणून घरी आणल्यावर मी एकेका फोटोचा मोबाइलवर फोटो काढला. प्रकाश नीट घेतला, सावली येऊ दिली नाही. समोरून. सगळे समोरून. मागच्या बाजू टिपायला जास्तीत जास्त दहा मिनिटं लागली असती. नावांचं काय, ती तर मागे लिहिलीच आहेत, असं मला वाटलं. मग फ्रेमवाल्याकडे गठ्ठा दिला. त्या दिवशी पाहुणे यायचे होते, मी घाईत होतो. फ्रेमवाला म्हणाला, "साहेब, फोटो वाकलेत, सपाट करून देऊ ने?" मी म्हटलं, "तुम्हाला बरं दिसेल तसं करा."

त्याने फार नेटकं काम केलं. सगळे फोटो हार्डबोर्डवर सरसाने पक्के चिकटवून, वर काच लावून दिली. भिंत इतकी देखणी दिसत होती की मी स्वतःवर खूश होतो. प्रत्येक फोटोखाली वर्ष आणि कॅप्टनचं नाव छापलं होतं. तेवढंच छापा, असं वरून सांगण्यात आलं होतं.

उद्घाटनाला काकांना रिक्षाने आणलं. भाषणं चालू असताना ते उठले, भिंतीकडे गेले आणि पहिलीच फ्रेम खुंटीवरून काढून उलटी केली. मागे तपकिरी हार्डबोर्ड. दुसरी उलटी केली. तिसरी. चौथीला त्यांनी हात लावला नाही. तोपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं, नावं सरसाखाली गेली होती, आणि टाळ्या चालूच होत्या. काकांनी तिन्ही फ्रेम पुन्हा खुंट्यांवर लावल्या आणि खुर्चीवर जाऊन बसले. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी फ्रेमवाल्याकडे धावलो. तो म्हणाला, "निघणार नाही साहेब. एकावर करून बघू." बळी द्यायला मी आमचाच फोटो निवडला, कारण त्यातली नावं तरी मला पाठ होती. त्याने पाण्याने बोर्ड भिजवला, पातीने हळूहळू सोडवला. फोटोचे पदर सुटले. मागचा पदर बोर्डालाच राहिला आणि काकांच्या अक्षरांची निळी शाई सगळीकडे पसरली. 'बोलतो फार' कुठे होतं तेही कळेना. ज्या ओळीचा मला एकेकाळी राग आला होता, ती शोधत मी दुकानात उभा होतो. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवलं नाही. फ्रेमवाला बिचारा माफी मागत होता. त्याची काय चूक?

मग मी मोबाइलमधले फोटो घेऊन हरणीला गेलो. वाटलं, काका आहेत ना, काका सांगतील. मी वही उघडून बसलो. पडद्यावरचे चेहरे मोठे करून दाखवत होतो, आणि काका प्रत्येकाला ओळखत होते.

"हा गुडघेवाला. हा बाजव्याचा, सायकल. हा डभोईचा, बसवाला. हा उसन्या बुटांचा."

"नाव, काका?"

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले. मग त्यांचं बोट आपसूक मोबाइलच्या कडेला गेलं आणि त्यांनी तो पालथा केला. मागे काय असणार? माझं कव्हर.

"लिहिलं म्हणून लक्षात ठेवलं नाही रे," ते म्हणाले. "लक्षात ठेवायचं असतं तर लिहिलं कशाला असतं?"

मी माफी मागितली. ते म्हणाले, "जवा दे, जाऊ दे. चेहरे तरी आहेत." पण त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा ते नावं आठवत बसलेले असायचे. सून सांगायची, जेवतानाही पुटपुटतात. कधी एखादं नाव हाती लागायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते म्हणायचे, "ते खोड, ते त्या वर्षीचं नव्हतं." मी जुन्या खेळाडूंना फोन केले. कॅप्टन सगळ्यांना आठवत होते, बाकावरचे कुणालाच नाही. वहीत भरलं त्यापेक्षा खोडलं जास्त. ती वही तशीच अर्धी असताना, दिवाळीच्या आधी, काका गेले.

गेल्या महिन्यात कोर्टावर एक म्हातारे गृहस्थ आले. भिंतीपुढे थांबले आणि एका फोटोवर बोट ठेवून मला म्हणाले, "हा मी." मी पाहिलं. डभोईचा बसवाला. त्यांनी नाव सांगितलं. मी ते तिथल्या तिथे लिहून घेतलं. ऐकायला काका हवे होते, एवढंच मनात आलं.

"आणि हा माझ्या शेजारचा," ते हसत म्हणाले, "ह्याच्याकडे बूट नव्हते. मी बससाठी निघालो की माझे बूट ह्याला देऊन चपलांवर पळायचो. शेवटची दहा मिनिटं हा माझ्या बुटांत खेळायचा. एका साइझचे होतो ना आम्ही." मग कपाळाला आठ्या घालून थांबले. "काय हो नाव ह्याचं? जिभेवर आहे अगदी."

"मागे लिहिलंय," मी म्हणालो. सवयीने तोंडातून निघून गेलं.

त्यांनी दोन्ही हातांनी फ्रेम खुंटीवरून काढली आणि हलकेच उलटी केली.