थंड भाकरी
घरी रंगकाम सुरू आहे आणि थिनरच्या वासासरशी मला चाकणच्या कंपनीतली आमची रंग तपासायची लॅब आठवली. रंग दिलेले पत्रे आम्ही ज्या ओव्हनमध्ये भाजायचो, त्यातच जेवणाआधी सगळ्यांचे डबे गरम व्हायचे. साफसफाई करणाऱ्या, मोशी गावाहून येणाऱ्या मावशी मात्र खिडकीपाशी बसून थंडच भाकरी खायच्या. वर्षभर बघत होतो, शेवटी राहवेना म्हणून विचारलं, "मावशी, तुम्ही डबा का नाही ठेवत आत?" त्यांनी आपली भाकरी माझ्या नाकाजवळ धरली, बाजरीचा खरपूस वास आला. मग म्हणाल्या, "आता तुमची पोळी हुंगा." मी हुंगली. गरम पोळीला थिनरचा मंद, गोडसर वास होता. "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं. "पयल्या दिसापासनं." "मग बोलला का नाहीत?" त्या हसल्या. "सायब, सगळ्यात आधी तुमचाच डबा आत जायचा. मग कोण बोलंल?" भिंतीवरच्या सुरक्षेच्या नियमांखाली लॅबचा प्रमुख म्हणून सही माझीच होती. आजही कुठल्या नव्या लॅबमध्ये गेलो की तिथल्या नियमांच्या पाट्या मी नंतर वाचतो. आधी जेवणाच्या सुट्टीत थंड डबा कोण खातंय, ते बघतो आणि त्याच्या शेजारी जाऊन बसतो.